एकाहत्तरचा हिरवा

बायकोच्या पालकाच्या भाजीला मी आजवर खारट, अळणी, पाणचट अशी बरीच नावं ठेवली आहेत, अर्थात मनातल्या मनात. पण वाटी उजेडाकडे धरून, "यो पासष्टचा हिरवा झाला. एकाहत्तरचा जरा मातकट व्हता," असं तिच्या तोंडावर सांगणारा माणूस एकच. आमचे नानाकाका.

नानाकाका म्हणजे बायकोचे सख्खे काका, खाडीकाठच्या मुर्धा गावचे. घरची मिठागरं सोडून ते फौजेत गेले, तेही हातात ब्रश घेऊन. वर्कशॉपात पेंटर! आता सत्तरी उलटली तरी जवळच्याच हाटकेश भागातल्या एका गाळ्यात, हौशी लोकांनी दुरुस्त करून आणलेल्या जुन्या फौजी गाड्यांवर पासष्ट-एकाहत्तरच्या लढायांतल्या खुणा रंगवतात. नंबर, त्याआधीचा फौजी बाण, पलटणीचं चिन्ह. एकानं बॉनेटवर वाघाचं तोंड मागितलं, तर म्हणाले, "पुरावा हाय?" हे त्यांचं पालुपद. माझ्या लग्नाच्या बोलणीत मी बी.कॉम. आहे म्हटल्यावरही हाच प्रश्न आला होता.

गेल्या हिवाळ्यात एका बिल्डर शेठनं जीप आणली. मुलाची वरात तिच्यातून काढायची होती. नानाकाका दोन दिवस नुसते जीपभोवती फिरत होते. मग आठ दिवस खपून नंबर काढला, चिन्ह काढलं, आणि सगळं वाळल्यावर मुर्ध्याच्या खाडीतून बादलीभर चिखल आणून त्यावर फासला.

शेठ किंचाळला, "काका, ये क्या किया? मेरा लडका घोडी पे नहीं, भैंस पे जाएगा क्या?"

"लडाई में नंबर छुपाते हैं, सेठ. चमकेगा तो मरेगा."

"शादी है, लडाई नहीं!"

"पुरावा हाय?" नानाकाका म्हणाले.

मग शेठनं चिखल बोटानं खरवडून आकडे मिळवले. बेरीज आली आठ. "आठ मतलब शनि! एक का दो करो, नौ हो जाएगा. नहीं तो कल दूसरा पेंटर लाऊँगा."

"लाव. नंबर न्हाय बदलनार."

संध्याकाळी बायको मला म्हणाली, "तुम्ही समजवा ना काकांना." माझं वजन एवढं की आमच्या सोसायटीचं मांजरही मला बघून जागचं उठत नाही. तरी सकाळी गेलो. नानाकाका चहाला गेले होते. म्हटलं, निदान साफ तरी करून ठेवू. आमच्याकडे पाहुणा यायचा म्हटलं की गॅसचा सिलिंडरही पुसतात. फडकं ओलं केलं आणि अर्ध्या तासात चिखल उतरवला. आकडे असे लख्ख झाले की मला स्वतःचा अभिमान वाटला.

तेवढ्यात नानाकाका आले. मी डोक्यावर ब्रश बसायची वाट बघत उभा.

"कुनी धुतली?"

"मी. चुकलं का, काका?"

ते रंगाच्या डब्यावर बसले.

"जावयबापू, एकाहत्तरला या हातानं सात गाड्यांवर चिखल फासला. परत आली की धुवायची, ते बी पेंटरचंच काम. सहा आल्या, सहा धुतल्या. सातवीसाठी दोन दिस बादली भरून बसलो व्हतो. ती सर्जा चालवायचा. जेवायला माझ्याच बाजूला बसायचा. यो तिचा नंबर. तशी जीप एवढ्या वर्षांत पयल्यांदा हाती आली."

इतक्यात बाहेर शेठची गाडी थांबली. मी दारातच त्याला अडवून, माझ्या दिव्य हिंदीत सगळं सांगितलं. तो आत आला, नंबरासमोर उभा राहिला. मनात बेरीज करत असावा.

"मतलब, ये वापस आई हुई गाडी है?"

"हां," मी म्हणालो.

"फिर तो शुभ है. रहने दो आठ."

आणि मुलाला फोन लावत तो बाहेर गेला.

नानाकाकांनी नळाखाली बादली लावली. चाकाच्या मागचा चिखल माझ्याकडून राहिलाच होता. गुडघे धरत खाली बसून त्यांनी तो बोटांनी काढला, पाणी ओतलं, पुन्हा ओतलं. मग उठून ड्रायव्हरच्या बाजूला गेले. रिकाम्या सीटवर हात ठेवला आणि हलकेच म्हणाले, "उतर रं सर्जा. जेवून घे."

मी फडकं पिळायला बाहेर गेलो.