मंदाताई आणि चार ग्रॅम दूध

मंदाताई डब्यावरच्या नावावर कधीच विश्वास ठेवत नाहीत. ऑफिसात चहा करताना 'साखर' लिहिलेला डबा उघडतात, चिमूटभर जिभेवर ठेवतात, मगच कपात चमचा जातो. आमच्या घरी आल्या तेव्हा त्यांनी फ्रीजमधला श्रीखंडाचा डबा उघडला. आत कढीपत्ता. "बघ," म्हणाल्या, "नाव कुणीबी लिहितं गं. आत बघितलं का?" आता श्रीखंडाच्या डब्यात कढीपत्ता कुणाच्या घरी नसतो? पण तेव्हापासून ताईंचं नाव काढलं की सासूबाईंच्या भुवया वर जातात.

गारखेड्यात आमचं छोटंसं ऑफिस आहे. कारखान्यांतली यंत्रं चालवणारे प्रोग्राम आम्ही लिहितो, आणि ताईंनी तपासल्याशिवाय एक ओळ पुढं जात नाही. पॉइंटर हा त्यांचा हळवा विषय. पॉइंटर म्हणजे मेमरीतला पत्ता, बाकी काही नाही. त्या पत्त्यावर काय ठेवलंय, ते त्याचा प्रकार सांगतो. आमची प्रोग्रामची भाषा याबाबतीत लई कडक. तापमानाच्या पत्त्याला वजनाचा पत्ता म्हणू देत नाही. पण पोरं घाईला आली की भाषेलाच दटावतात: हे वजनच आहे, मी सांगतोय ना, गप्प बस. हे झालं जबरदस्तीचं रूपांतर. ताईंच्या लेखी तो गुन्हा.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या ऑफिसातल्या सचिननं तो केला. काम होतं शेंद्र्याच्या एका डेअरीचं, दुधाच्या पिशव्या भरायचं यंत्र. वजनाचा सेन्सर आणि तापमानाचा सेन्सर एकाच वाटेनं आकडे पाठवायचे. येईल ते वजनच, असं सचिननं ठोकून दिलं. ताई म्हणाल्या, "आधी विचार, मग रूपांतर कर." सचिन म्हणाला, "ताई, टाइम कुठंय?" साहेबांनीही सचिनच्याच बाजूनं मान डोलावली, झालं.

चाचणीच्या दिवशी दूध होतं चार अंशांवर. यंत्राला वाटलं, पिशवीत चारच ग्रॅम दूध आहे. बिचारं भरत राहिलं. एक पिशवी फुटली, दुसरी फुटली, डेअरीच्या मालकांचे बूट दुधात. त्यांनी आठवड्याची मुदत देऊन एक शेवटची संधी दिली. साहेबांनी आम्हाला बोलावून सांगितलं, हे काम गेलं तर इथलं ऑफिस बंद, सगळ्यांनी पुण्याला चलायचं.

आमची तोंडं उतरली. सचिनची आई इथं, माझा संसार इथं. ताईंना काय, एकटा जीव, पुण्यात पगारही जास्त, असं मी मनात म्हटलं. पण कंबर कसली ती ताईंनीच. सचिनला शेजारी बसवून त्यांनी एकेक जबरदस्ती हुडकून काढली आणि तिथं प्रश्न बसवला: तू वजन आहेस का? व्हय म्हणालं तरच रूपांतर. नाय म्हणालं तर तो आकडा बाजूला, पुढचा बघायचा.

"दर वेळी विचारायचं?" सचिन कुरकुरला.

"अरे, अंतरपाट निघाल्यावर हार घालायच्या आधी बघशील का नाय, समोर नवरीच हाय का करवली?"

सचिननं कीबोर्ड जवळ ओढला.

दुसऱ्या चाचणीला मालक लांब, उंच पायरीवर उभे राहिले. यंत्र सुरू झालं. पिशवी भरली, बंद झाली, खाली आली. मग दुसरी, तिसरी, रांगच लागली. ताईंनी मधलीच एक उचलून साध्या काट्यावर ठेवली. वजन अगदी बरोबर. मालक खाली उतरले, त्यांनी हात जोडले. "मॅडम, पुढची यंत्रंबी तुमच्याच हातनं." साहेब फोनवर म्हणाले, ऑफिस हलत नाही. सचिन तिथंच नाचला, आणि खोटं कशाला सांगू, मीही नाचले. जिंकलो होतो आम्ही, तेही दणक्यात.

ताई मात्र भिंतीकडं तोंड करून डोळे पुसत होत्या.

"ताई, तुम्हाला तर पुणं सोयीचं होतं की," मी म्हटलं.

"तिथं मला कोण ओळखतं गं? घरी कुलूप काढलं की बोलणं संपतं माझं. दिवसाचं काय ते तुमच्याशीच भांडून घेते."

सचिन जवळ आला. "ताई, रविवारी आमच्याकडं जेवायला या. आई कवापासून म्हणतीय, त्या भांडखोर बाईला एकदा घेऊन ये."

ताई हसल्या. पदर सारखा केला आणि अगदी हळू विचारलं, "सकाळीच आले तर चालंल का रे?"