बळीचा विळा

मंठ्याच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, कानावर बिडी ठेवणारी माणसं पुष्कळ सापडतील. पेन्सिल ठेवणारेही सापडतील. कानावर पांढऱ्या चाफ्याचं फूल खोचून हिंडणारा माणूस मात्र एकच, आमचे शेषरावकाका. भरघोस मिशी, अंगात सफारी, पायात करकरणारी चप्पल आणि उजव्या कानावर ताजं फूल. नवखा माणूस त्यांना पाहून आधी हसतो, मग मिशीकडं बघून हसू गिळतो. कुणी विचारलंच तर काका गंभीरपणे सांगतात, "बालीत समदेच ठेवतात. मंत्री असू द्या का हमाल."

ही बाली आमच्या गावात कशी शिरली ते सांगतो. काकांचं मंठ्यात बी-बियाणांचं दुकान. नव्वदच्या दशकाच्या अखेरीला एका वर्षी सरकीचं बियाणं असं काही खपलं की कंपनीनं खूश होऊन त्यांना बालीची सहल दिली, तीही जोडीनं. तोवर काकांचा सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे तिरुपती. पण जोडीत गयाकाकू आल्या आणि काकूंना गाडी लागते. यष्टीचा नुसता धूर दिसला तरी त्यांचा हात पिशवीतल्या लिंबाकडं जातो. जालन्याच्या स्टेशनापर्यंत त्या जीपमधून कशाबशा पोचल्या आणि तिथल्या बाकावर बसून पांढऱ्याफटक चेहऱ्यानं म्हणाल्या, "मी न्हाई येत. इमानात मरंन मी. तुमी जाऊन या, आन् मला येऊन सांगा."

काका एकटे गेले. काकू परत कशा आल्या यावर गावात अजून वाद आहे.

आठवड्यानं काका परतले ते कानावर फूल आणि तोंडात एक वाक्य घेऊन: "बालीत असं न्हाई." लग्नात पंगत उशिरा बसली, बालीत असं न्हाई. सोसायटीच्या मीटिंगमध्ये दोन गट एकमेकांच्या गळ्याला लागले, बालीत असं न्हाई. एकदा तर मयतीच्या ठिकाणी त्यांनी तोंड उघडलं, तेव्हा मीच त्यांचा दंड दाबला. गयाकाकूंना मात्र या वाक्यापलीकडं काही सांगितलं गेलं नाही. "कसं हाय तिकडं?" असं त्यांनी विचारलं की काका हात हवेत फिरवत, "लई भारी हाय," म्हणत आणि गप्प होत.

मी गावच्या शाळेत चित्रकला शिकवतो, एवढाच माझा गुन्हा. एका सकाळी काका फोटोंचं पाकीट घेऊन आले. "गुरुजी, मला बालीवानी सुट्टीचा बंगला बांधायचाय. व्हिला म्हन्तात त्याला. तुमी नकाशा काढा. दिवाळीच्या पाडव्याला उघडायचाय." मी फोटो पाहिले. प्रत्येक फोटोच्या बरोबर मधोमध काका उभे होते. मागं देऊळ असो की महाल, पुढं काका. मग त्यांच्या डाव्या-उजव्या बाजूनं जेवढी बाली दिसत होती तेवढी मी कागदावर उतरवली. काकांच्या पोटामागची बाली अंदाजानं काढली.

पहिली ठिणगी जागेवरून पडली. काकांची जालना रोडला लागून जमीन आहे. तिथं बांधलं तर जालन्याचे लोक गाड्या घेऊन सुट्टीला येतील, असं सगळ्यांचं म्हणणं. त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठलराव तर हात जोडून विनवत होते. काकांनी निवडला तो घरामागचा माळ. एक ओढा ओलांडला, कडुलिंबाचं झाड मागं टाकलं की आलाच. कारण विचारलं तर, "बालीत घराजवळच असतं."

मग बांधकाम सुरू झालं आणि गावाची करमणूकही. फाटक म्हणजे दोन बाजूंना पायऱ्यापायऱ्यांचे दगडी बुरूज आणि मध्ये वर काहीच नाही, एखादं देऊळ मधोमध कापून बाजूला सारल्यासारखं. मिस्त्री रोज विचारायचा, "कमान कवा बसवायची?" काका म्हणायचे, "बसवायचीच न्हाई." काकांचा पैसा फाटकातच संपला, अशी बातमी पार भोकरदनच्या पाहुण्यांपर्यंत गेली. छपराला गवत. आमच्याकडं उभ्या हयातीत माणूस गवत काढून पत्रे टाकतो आणि पत्रे काढून स्लॅब. स्लॅबच्या घरातला माणूस हौसेनं गवत शाकारतो आहे हे बघून विठ्ठलराव तोंड चुकवून आडवाटेनं मंठ्याला जाऊ लागले. न्हाणी तर उघडीच, वर आभाळ. ते ऐकून शेजारच्या केशरमावशी म्हणाल्या, "आमच्या न्हानीवर कवा छप्पर व्हतं? म्हंजी आमी जलमभर बालीतच आंघोळ करून राह्यलो की."

फाटकाशी एक द्वारपाल हवा होता. आमच्या पाथरवटानं जन्मात पाटे-वरवंटे आणि मारुती यांपलीकडं काही घडवलेलं नाही. त्यानं मन लावून द्वारपाल घडवला आणि त्याचा मारुती झाला. काकांनी त्याला बालीच्या रीतीनं काळ्यापांढऱ्या चौकड्यांचा पंचा नेसवला. शनिवारी पाहतो तर कुणी तरी तेल घालून गेलेलं. गावात पोथी सांगणारे सोपानबुवा मात्र चिडले. त्यांच्या समजुतीनं बाली म्हणजे रामायणातला वाली. "वालीच्या दारात मारुती?" बुवा काठी आपटत म्हणाले. "त्यो तर सुग्रीवाकडचा मानूस. भांडनं लावता का?"

"मिटलं त्यांचं," काका शांतपणे म्हणाले. "बालीत भांडनं न्हाईत."

गावाच्या हसण्याला काका भीक घालत नव्हते. त्यांचा जीव अडकला होता दुसरीकडंच. बंगला निम्म्याच्या वर झाला तरी गयाकाकूंनी तिकडं पाऊल टाकलं नव्हतं. "सुट्टीचा बंगला?" त्या भाकरी थापत म्हणायच्या. "म्हशीला सुट्टी असती का? मी तिथं जाऊन काय करू?" काका रोज विचारायचे, "येतीस का बघायला?" काकू म्हणायच्या, "बघू पाडव्याला." तो 'बघू' ऐकून काका संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसायचे. कानावरचं फूल एव्हाना सुकलेलं असायचं. "येईल का वो ती, गुरुजी?" अख्ख्या मोंढ्याला भाव सांगणारा माणूस असं विचारायचा तेव्हा मला वाईट वाटायचं.

पाडव्याच्या आदल्या दिवशी पाटी आली. मी पेंटरला स्वच्छ अक्षरात 'बाली व्हिला' लिहून दिलं होतं. गुरुजींचं शुद्धलेखन बिघडलं असं समजून त्यानं स्वतःच्या अकलेनं दुरुस्ती केली होती. पाटीवर ठळक लिहिलं होतं, 'बळीचा विळा', आणि खाली हौसेनं काढलेला एक धारदार विळा. विठ्ठलराव मटकन दगडावर बसले. मी पेंटरला शोधायला निघालो, तर काकांनी मला हात धरून थांबवलं.

"लावा तशीच," ते म्हणाले. "उद्या बळीचाच तर दिवस हाय."

पाडव्याला सकाळी सगळा गाव लोटला. आलेले बहुतेक हसायलाच आले होते. पण त्या कापलेल्या फाटकातून आत गेले आणि एकेक जण गप्प झाला. कमान नव्हती म्हणून सकाळचं ऊन अडवायला काही नव्हतं, ते सरळ आतल्या कमळाच्या कुंडापर्यंत पोचलं होतं. ओसरीला भिंत नव्हती. गवताखालची सावली इतकी गार, की म्हातारीकोतारी न सांगता पाय पसरून बसली. सोपानबुवांनी मारुतीला हात जोडले. जालन्याहून कंपनीचे साहेब आले होते, तेही बाली पाहिलेले. चारी बाजूंनी फिरून ते म्हणाले, "शेषराव, कमाल केलीत." विठ्ठलराव लगेच पाहुण्यांना सांगू लागले की गवताची कल्पना मुळात त्यांचीच.

काकांचं कशातच लक्ष नव्हतं. ते ओढ्याकडं बघत होते.

आणि काकू आल्या. नवं लुगडं, हातात ओवाळणीचं ताट. ओढ्यातल्या दगडांवरून सावकाश चालत, कडुलिंबाखालून आल्या. हातात पिशवी नव्हती, पिशवीतलं लिंबूही नव्हतं. फाटकात क्षणभर थांबल्या, वर बघितलं आणि आत आल्या. काकांना पाटावर बसवून त्यांनी ओवाळलं. "इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो." मागून बायकांनी सूर धरला, मग पुरुषांनी, मग पोरांनी. सगळा माळ दणाणून गेला. मला इतका आनंद झाला की मीही शाळेतल्यासारखा मोठ्यानं म्हणालो.

साहेबांना राहवलं नाही. "एवढी सुंदर वास्तू, शेषराव. रोडला का नाही बांधली?"

"रोडला बांधली असती तर हिला गाडीत बसावं लागलं असतं," काका म्हणाले. "'येऊन सांगा' म्हनली व्हती. मला कुठं सांगता येतंय, साहेब? म्हनून बांधलं."

साहेबांनी एकवार ओढ्याकडं पाहिलं. 

काकू ओसरीवर टेकल्या आणि सवयीनं लगेच उठायला लागल्या. "चहाचं बघते."

"बस. सुट्टी हाय तुला. मी करून राह्यलो."

काकांनी केलेला तो चहा म्हणजे नुसता पाक होता. काकूंनी तो बशीत ओतून सावकाश प्यायला. गवत, पाणी, उघडी बाजू, सगळं डोळे भरून पाहिलं. मग विचारलं, "बराबर असंच हाय का वो तिथं?"

आता काका फोटोंचं पाकीट काढणार म्हणून मी सरसावून बसलो.

"न्हाई," काका म्हणाले. "बालीत असं न्हाई. तिथं मला करमलं न्हाई."

 काकूंनी काकांच्या कानावरचं फूल काढून आपल्या अंबाड्यात खोवलं आणि रिकामी बशी पुन्हा पुढं केली.