‘भरती क्रमांक सात’चा पहिला प्रयोग

समुद्राला स्वतःचं म्हणणं नीट मांडता येत नाही, हे आता सर्वमान्य आहे. त्यासाठी बासरी, चेलो, पाण्याने भरलेली परात आणि एक लॅपटॉप लागतो. म्हणूनच आमच्या कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियाच्या बंदरगावातल्या संगीत समितीने (सदस्य नऊ, पैकी संगीत कळणाऱ्याचा शोध चालू आहे) ओदेत कोमोची ‘भरती क्रमांक सात’ ही बावीस मिनिटांची रचना एकमताने मंजूर केली. पहिल्या सहा भरत्या कुठे गेल्या, हे विचारण्याची पद्धत नाही.

ओदेतचा जीव मात्र पहिल्या रांगेत अडकला होता. तिथे तिचे वडील सिल्वेर बसले होते. चाळीस वर्षं लॉब्स्टर धरणारा हा माणूस लेकीच्या मैफिलीला प्रथमच आला होता. “बाबा शेवटपर्यंत बसले तरी पुष्कळ झालं,” ती मला म्हणाली होती.

आमच्या सभागृहाचा नियम कडक आहे: चेलोवालीचा गज खाली आल्याशिवाय टाळी नाही. गज खाली येतो तो लॅपटॉपमधून शेवटच्या लाटेचा आवाज आल्यावर. आणि नवव्या मिनिटाला लॅपटॉप बंद पडला.

चेलोवाली गज उचलून थांबली. बासरीवाला श्वास घेऊन थांबला (सोडल्याची नोंद नाही). लॅपटॉपपाशी बसलेली ओदेत त्याची बटणं दाबत राहिली. उठावं तर संपलं समजून बाबा घरी जायचे. श्रोत्यांपैकी बासष्ट टक्क्यांनी डोळे मिटले होते, उरलेले त्यांच्याकडे बघून मिटत होते. समितीच्या अध्यक्षबाईंना हुंदका आला.

“पोरी, मशीन बंद पडलंय तुझं,” सिल्वेर म्हणाले.

“श्श!” ऐंशी जणांनी त्यांना दटावलं.

अखेर अठ्ठाविसाव्या मिनिटाला सिल्वेर उठले, मंचावर गेले आणि चेलोवालीचा अवघडलेला हात त्यांनी अलगद खाली घेतला. टाळ्या थांबेनात.

नंतर चाउडर, म्हणजे माशांचं दाट सूप, पिताना ते लेकीला म्हणाले, “धुक्यात इंजिन बंद पडलं की बोटीवर अस्संच होतं बघ. सगळे गप्प. पहिलं तोंड कोण उघडणार? बरोबर पकडलंस तू.” ओदेत रडली. मीही रडलो, पण माझं चाउडर गरम होतं.

हल्ली हा प्रयोग लॅपटॉप बंद ठेवूनच होतो, आणि गर्दी आवरत नाही. तुम्हीही जरूर जा. काही कळलं नाही तर शेजाऱ्याच्या गंभीर चेहऱ्याला भिऊ नका. तुमचा बघूनच त्याने तसा केलाय.