पडून दाखवणारे रहाळकरमास्तर

आमच्या कारखान्यात कुणी पडलं, की तासाभरात रहाळकरमास्तरही पडत. फरक एवढाच, की आधीचा माणूस चुकून पडलेला असे आणि मास्तर मुद्दाम. तेही ऑफिसच्या फरशीवर, कोट-टोपीसकट.

ही गोष्ट पिंपरीला ज्वारीची शेतं जास्त आणि कारखाने मोजके होते तेव्हाची. आमचा कारखाना लोणच्या-मुरंब्यांचा. तेल, साखरेचा पाक आणि बरण्या धुतल्याचं सोड्याचं पाणी, तिन्ही फरशीवर गुण्यागोविंदाने नांदत. त्यामुळे पडणाऱ्यांचा तुटवडा कधी भासला नाही. प्रत्येक अपघाताची नोंद सरकारी नियमाप्रमाणे ठेवावी लागे. ते रजिस्टर मास्तरांकडे होतं, आणि शेजारच्या टेबलावर मी आवक-जावक सांभाळायचो.

मास्तर पूर्वी मावळातल्या एका शाळेत व्याकरण शिकवत. शाळा सुटली, व्याकरण सुटलं नाही. गुडघा फुटलेला माणूस कण्हत समोर बसला, की मास्तर त्याला पाणी देत, दवाखान्याची चिठ्ठी देत आणि मग टाक सरसावून म्हणत, "क्रियापद सांगा."

तो बिचारा म्हणे, "पडलो."

"पडतात सगळेच. पण कसे?"

मग मास्तर उठून समजावत. घसरणे म्हणजे पाय पुढे जातो आणि माणूस मागे राहतो. अडखळणे म्हणजे पाय मागे राहतो आणि माणूस पुढे जातो. शिवाय कोलमडणे होतं, धडपडणे होतं, कलंडणे होतं. त्या माणसाला नीट सांगता आलं नाही, की मास्तर एकेक प्रकार करून दाखवत आणि विचारत, "असं? की असं?" वजन जेमतेम, उंची माझ्या खांद्याएवढी, त्यामुळे आवाज फारसा होत नसे. एकदा कलंडताना त्यांनी टपालाच्या दौतीसकट माझं टेबल नेलं, तर उठता उठता मला म्हणाले, "याला 'सह' लागेल. टेबलासह कलंडलो." आम्ही त्यांना बरंच हसायचो. मॅनेजरसाहेब तर पाहुणे आले की मुद्दाम त्यांना आमच्या खोलीत घेऊन येत.

मग रहाटणीच्या सोनाबाई पडल्या.

सोनाबाई बरण्या धुण्याच्या खात्यात होत्या. घरची थोडी जिराईत जमीन होती, पण घर चालायचं यांच्या पगारावर. भरल्या बरण्यांचा ट्रे घेऊन जाताना त्या पडल्या. हनुवटी फुटली आणि उजवं मनगट असं मोडलं, की प्लास्टर काढल्यावरही वाकेना. त्या हाताने बरणी सोडाच, भाकरीही थापता येईना. त्यांनी नुकसानभरपाईसाठी अर्ज केला. कंपनीने तो नाकारला. मुकादमाचं म्हणणं, तो धावत गेला तेव्हा बाई अनवाणी होत्या. कंपनीने दिलेले गमबूट त्यांनी हुकूम मोडून काढून ठेवले होते, म्हणूनच त्या घसरल्या. आणि स्वतः होऊन बूट काढणाऱ्याला भरपाई कसली?

सोनाबाईंनी परोपरीने सांगितलं, "पायात बूट व्हते, साहेब." कुणी ऐकलं नाही.

मास्तरांनी मात्र रजिस्टरात आधीच एक शब्द लिहून ठेवला होता: 'अडखळली'. साहेबांनी त्यांना बोलावून तिथे 'घसरली' करायला सांगितलं. एक शब्द तर बदलायचा, असं ते अगदी गोडीत म्हणाले. मास्तर म्हणाले, शब्द एकच आहे, पण दिशा उलटी आहे. साहेबांचा चेहरा उतरला. बाहेर आल्यावर मी मास्तरांना समजावलं, की निवृत्तीला थोडीच वर्षं उरलीत, कशाला नसता वाद. त्यांनी नुसता चष्मा पुसला.

प्रकरण पुण्याला नुकसानभरपाईच्या कमिशनरांपुढे गेलं. मास्तरांना कंपनीच्या बाजूने रजिस्टर घेऊन जायचं होतं, आणि सोबत मला. मास्तरांच्या काखेत एक गाठोडं होतं. मला वाटलं, डबा असेल.

कंपनीच्या वकिलांनी विचारलं, की 'अडखळली' काय आणि 'घसरली' काय, पडण्यात फरक तो काय? हा प्रश्न मास्तरांना विचारायला नको होता. त्यांनी कमिशनरांची परवानगी मागितली आणि गाठोडं सोडलं. आत ते गमबूट होते. पुरुषी मापाचे; मास्तरांच्याही गुडघ्यांवर येणारे. ते घालून, रजिस्टर ट्रेसारखं दोन्ही हातांत धरून मास्तर चालू लागले. चौथ्या पावलाला एका बुटाचं टोक दुसऱ्यात अडकलं आणि मास्तर तोंडावर पालथे झाले. बूट मागे जागच्या जागी उभे.

मास्तर आमच्यासमोर अनवाणी पडलेले होते.

सगळे हसले. कमिशनर हसले नाहीत. ते पुढे वाकून त्या दोन बुटांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आणि बाई घसरल्या असत्या तर?"

मास्तर उठले, धूळ झटकली आणि लगेच घसरूनही दाखवलं. पाय पुढे, पाठ मागे, आणि ती थेट बाकाच्या कडेवर. त्यांच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला. तरी पडल्या पडल्याच ते म्हणाले, "असं झालं असतं तर मार पाठीला बसला असता. बाईंची हनुवटी फुटली आहे, साहेब. बाईंच्या पायात बूट होते. फक्त ते त्यांच्या मापाचे नव्हते."

सोनाबाईंना भरपाई मंजूर झाली. बाहेर त्यांनी डाव्या हाताने मास्तरांना नमस्कार केला, तेव्हा मास्तर इतके गडबडले, की जिन्यावर खरोखरच अडखळले.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी रजिस्टर काढून घेतलं आणि मास्तरांची बदली लेबलांच्या गोदामात केली. ते दोन दिवस आले, मग येईनासे झाले.

रविवारी दुपारी मी चिंचवड गावात त्यांची खोली शोधत गेलो. इतकी वर्षं शेजारी बसलो, पण त्यांच्या घरी कधी गेलो नव्हतो. एकच खोली. दोरीवर एक धोतर, चुलीपाशी एक ताट, एक वाटी. मास्तर खाटेवर ताठ बसून होते आणि त्यांच्यामागच्या भिंतीवर पाठीच्या उंचीला भलामोठा पिवळा डाग होता.

मी डागाकडे बघतोय हे पाहून ते ओशाळले.

"सोनाबाईंनी आंबेहळद पाठवली. उगाळली. पण पाठीला हात पोचत नाही, म्हणून लेप भिंतीला लावला आणि पाठ टेकून पाहिली. भिंतीला बराच आराम पडला असावा."

मी हसलो. तेही हसले, पण हसताना त्यांना कळ आली.

वाटीत उरलेला लेप कडेने सुकत आला होता. मी त्यात थोडं पाणी घालून तो कालवला आणि त्यांना सदरा काढायला सांगितलं. ते आधी नको नको म्हणाले; मग पाठमोरे झाले. पाठीवर बाकाच्या कडेची आडवी, काळीनिळी रेघ होती. मी हात लावला तशी ती एवढीशी पाठ दचकली. मग हळूहळू सैल झाली.

मी साहेबांबद्दल काहीबाही बोलत होतो. मास्तर मान खाली घालून बसले होते.

लेप कधीच लावून झाला होता. ते "पुरे" म्हणाले नाहीत, आणि मीही हात काढला नाही.