चंद्राशिवायची मंगलाष्टकं

केशव मास्तरांसमोर कोणी उपमा दिली की ते साक्षीदार मागत.

दूधवाला म्हणाला, "अमृतावानी दूध हाये जी," की मास्तर भांडं मागे घेत. "अमृत कधी पेला का? नाही ना? मंग कायले बोलून राहिला?" दूधवाला पाणी घाली ते त्यांना चाले, अमृत चालत नसे.

केशोरीकडच्या आमच्या मिडल स्कुलात ते मराठी शिकवत आणि मी गणित. मध्ये फक्त बांबूचा तट्टा, त्यामुळे त्यांचा संताप मला फुकट ऐकायला मिळे. एकदा पुस्तकातला राजा सिंहासारखा शूर निघाला.

"सिंह कोणी पाह्यला?" एकही हात वर आला नाही. "वाघ?" सगळा वर्ग ओरडला.

"मंग वाघ लिहा."

"पण पुस्तकात सिंह हाये, मास्तरजी."

"पुस्तक लिहिणारा इथं गुरं चारायला येते का?"

अलंकारांच्या त्यांच्या व्याख्या परीक्षेत लिहिण्याजोग्या नव्हत्या, पण पोरं त्या विसरत नसत. उपमेत 'सारखा' असतो, म्हणजे चोर निदान पावलांचे ठसे ठेवून जातो. रूपकात तो तेही पुसतो. अतिशयोक्तीवर मात्र त्यांचा फारसा राग नव्हता. ती बिचारी नाव सांगून दारात येते.

अशा माणसाकडे गावचे जमीनदार दौलतराव मालगुजार यांनी आपल्या मुलीच्या लग्नासाठी मंगलाष्टकं मागितली. गावात मराठीचा मास्तर असला की ती त्यानंच रचायची, हा रिवाज. त्यात आमची शाळा मालगुजारांच्या धानाच्या रिकाम्या कोठारात भरे, आणि हे ते कोणाला विसरू देत नसत. कोठारापेक्षा त्यावरची त्यांच्या नावाची पाटीच मोठी होती.

"चंद्रमुखी, हंसगती, समदं टाका," ते म्हणाले. "गोंदियाहून गुलाबी कागदावर छापून आणाचं हाये."

"पोरीला भेटून लिहितो."

"सगुणाले भेटाचं काय त्यात?"

सगुणाला मागे देवी आल्या होत्या. जीव वाचला, चेहरा वणांनी भरला. मास्तर तिच्याशी बोलून आले आणि लिहायला बसले. त्यांच्या मंगलाष्टकांत तिचा गोड गळा होता, आजारातून उठल्याबरोबर धाकट्या भावाला अक्षरं शिकवायला बसणारी तिची जिद्द होती; चेहऱ्याबद्दल अक्षरही नव्हतं.

"चंद्र कुठं हाये यात?" मालगुजार गरजले.

"आभाळात. तिथंच राहू द्या."

"मंग तुमची शाळा बी आभाळाखालीच भरवा!"

मी मास्तरांवर चिडलो. एका शब्दासाठी शाळेचं छप्पर घालवायचं? "अहो, लग्नात साऱ्याच नवऱ्या चंद्रमुखी असतात. मनावर कोण घेतं?"

"ऐकणारे नाही घेत!" मास्तर उसळले. "जिच्यावर टाकता ती घेते. माझ्या रखमाच्या तोंडावरही वण होते. आमच्या लग्नात भटजींनी चंद्रमुखी म्हटलं, आणि बायका पदरात तोंड घालून हसल्या. ती अंतरपाटापलीकडे उभी होती. पुढे संसार केला तिनं माझा, पण दिवा लागला की तोंड भिंतीकडे. मरेपर्यंत मला नीट पाहू दिलं नाही."

ते विधुर आहेत, एवढंच मला ठाऊक होतं.

लग्नात गुलाबी कागद आलेच. त्यांवरची मंगलाष्टकं गोंदियाच्या कोणा भाडोत्री कवीनं रचलेली. चंद्र दुसऱ्या कडव्यात होता. आता मंगलाष्टकं मंडपातल्या कोणीही म्हणावीत आणि मुहूर्त लागला की सगळ्यांनी थांबावं, अशी रीत. भटजींचं पहिलं कडवं संपलं आणि मास्तरांनी आवाज लावला. तो आवाज ऐकून तलावावरचे सारस उडाले असते. भटजी तोंड उघडत, तोवर मास्तरांचं पुढचं कडवं सुरू. स्वतःची संपली तशी त्यांनी ती पुन्हा पहिल्यापासून धरली. मालगुजार दात खात होते, पण मंगलाष्टक मध्येच तोडणं अशुभ. मंडप हसून लोळला. हसला तो मास्तरांना. शेवटी मुहूर्त लागला, अंतरपाट सरकला आणि चंद्र कागदावरच राहिला.

मास्तर ठेंगणे. गर्दीत त्यांना काही दिसेना. "कशी दिसते?" त्यांनी बसलेल्या आवाजात विचारलं.

सगुणा मान वर करून, हसू दाबत, नवऱ्याकडे सरळ पाहत होती. माझ्या तोंडाशी एक उपमा आली होती. ती मी गिळली.

"सगुणासारखी."

"हा अनन्वय," मास्तर म्हणाले. "जिची तुलना फक्त तिच्याशीच होते. पोरांना शिकवायचा राहिलाच."

सोमवारी त्यांनी तो शिकवला, तलावाच्या पाळीवर, आंब्याखाली. कोठाराला मालगुजारांनी कुलूप लावलं होतं. खोडाला फळा टेकवून मास्तरांनी उदाहरण लिहिलं : रखमा रखमासारखी होती.

"रखमा कोण जी, मास्तरजी?" एका पोरानं विचारलं.

मध्येच विचारलेल्या प्रश्नावर मास्तर भडकले नाहीत, असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

"लिहून घ्या," ते म्हणाले. "अक्षर नीट काढा."