भात उपटणारं गाणं

मावळ तालुक्यातलं पहिलं फिल्मी गाणं मी काढलं. नायक मी, कवी मी, गायकही मीच. एके काळी हे मी छाती फुगवून सांगत असे. आता लोणावळ्यात मामाच्या चिक्कीच्या भट्टीवर बसून सांगतो, आणि जोरात श्वास सोडला की सुपातली शेंगांची टरफलं मामाच्या अंगावर उडतात, म्हणून बेतानंच सांगतो. खरं तर सांगायचाही कंटाळा आलाय. पण गूळ तापायला अजून वेळ आहे. ऐका.

साल एकाहत्तर. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो, दुसऱ्यांदा. मला वाढवलं माझ्या चुलत्यांनी, भिमाजी तात्यांनी. माझा निकाल तात्यांनी ऐकला. चार दिवसांनी, जेवता जेवता म्हणाले, "हौशीराम, औंदाची लावणी तुज्यावर. भात दारात आलं तर कालीज. न्हाई आलं तर मामाच्या भट्टीवर गूळ हलवाय जायचं."

"येईल की तात्या, भात कुठं जातंय?" मी म्हणालो. माणसानं जेवताना असं बोलू नये.

त्याच आठवड्यात माझा वर्गमित्र मारुती एक कॅमेरा घेऊन आला. त्याच्या मावशीचे यजमान आफ्रिकेत होते, त्यांनी आणलेला. हलतं चित्र घेणारा, किल्ली देऊन चालणारा! आवाज मात्र त्यात येत नसे. त्यावर आमचा तोडगा असा, की गाणं आधी टेपवर भरायचं, चित्र वेगळं घ्यायचं आणि कॉलेजच्या संमेलनात दोन्ही एकदम चालू करायचं. गाणं मी लिहून ठेवलेलंच होतं. प्रेमाचं. त्यात हिरवं शेत होतं, ओढा होता आणि माझ्या काळजाची अवस्था सहा कडव्यांत होती.

"हिरवं शेत पाहिजे," मारुती म्हणाला.

"लावणी आहे की आमच्याकडे. बाया ओळीनं लावतायत, पुढं बांधावर मी गातोय, मागं डोंगर." माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. एका दिवसात लावणीही होईल आणि गाणंही होईल. असा दुहेरी बेत मी आयुष्यात पुन्हा केला नाही.

आमच्याकडे लावणीला इर्जिक घालतात. म्हणजे साऱ्या वाडीनं येऊन एकाचं काम उरकायचं आणि ज्याचं शेत त्यानं सगळ्यांना जेवण घालायचं. मी बायडाबाईंना सांगून आलो. डोंगरावरच्या वाडीतल्या वीस बाया त्यांच्या शब्दावर उठत आणि बसत. दिवसही मी नेमका निवडला. त्या दिवशी तात्यांची वडगावच्या कोर्टात तारीख होती. आमच्या वरच्या भातखाचराला लागून रखमाजींचं खाचर. मधला बांध कुणाचा यावर दोघं सात वर्षं भांडत होते. म्हणजे तात्या कोर्टात, रखमाजीही कोर्टात, आणि रान मोकळं.

सकाळी पावसानं उघडीप दिली. मारुतीनं कॅमेऱ्याची तिपाई चिखलात रोवली. ती गुडघ्यापर्यंत गेली. बांधावर ठेवली, तर कॅमेरा शेताकडं सोडून आभाळाकडं बघू लागला. शेवटी बांधावरच्या जांभळावर मारुती चढला आणि तिपाईचे पाय वरच्या फांदीला सुतळीनं बांधून टाकले. कॅमेरा वटवाघळासारखा खाली डोकं करून लटकला.

"उलटा नाही का झाला?" मी विचारलं.

मारुतीनं कॅमेऱ्याच्या भिंगातून बघितलं. "मला तर सगळं सुलटं दिसतंय."

कॅमेरा त्याचा होता. मी फेटा बांधायला घेतला.

रीळ एकच होतं, जेमतेम चार मिनिटांचं. म्हणून मारुतीनं आधी तालीम घ्यायची ठरवलं. बायडाबाईंना म्हणाला, "मावशी, नुसतं खोटं खोटं लावायचं हां."

"खोटं खोटं म्हंजी?"

"म्हणजे रोप लावायचं नाही. नुसतं वाकायचं."

बायडाबाईंनी कमरेवर हात ठेवला. "वाकायचं आन लावायचं न्हाई? मंग वाकायचं कशाला, बाबा? आमची कंबर काय फुकाटची हाय?"

तेव्हा तालीमही खरीच झाली. टेपवर माझं गाणं लावलं. पहिलं कडवं संपेपर्यंत एकेका बाईनं चार चार रोपं लावली आणि बायडाबाई ताठ उभ्या राहिल्या. "हे कंचं गाणं म्हनायचं? ह्या चालीवर लावलं तर दिवाळी हितंच व्हईल." मग त्यांनी स्वतःचं गाणं धरलं. काय ती चाल! वीस हात एकदम खाली जात होते आणि बाया सरासरा मागं सरकत होत्या. लावणी करताना मागंच सरकतात, पुढं गेलं तर लावलेलं पायाखाली येतं. ही गोष्ट लक्षात ठेवा. मला तिनंच बुडवलं.

पहिल्या तालमीत मारुतीला ऊन आवडलं नाही. दुसऱ्या तालमीत मी आवडलो नाही. तिसरी एकदम झकास झाली.

"आता हेच परत, खरं!" मारुती झाडावरून ओरडला.

"कुटं?" बायडाबाई म्हणाल्या.

बघतो तर आमचं वरचं खाचर पुरं लावून झालं होतं.

"थोडी रोपं उपटा आणि परत लावा," मारुती म्हणाला.

बाया त्याच्याकडं अशा बघू लागल्या, की मला त्याची भीती वाटली. लावलेलं रोप आमच्यात कुणी उपटत नाही. आमचं मोठं खाचर खाली ओढ्यापलीकडं होतं, पण तिथं ना जांभूळ ना डोंगर. कॅमेऱ्यासमोर चिखलणी करून तयार असलेलं खाचर एकच होतं, बांधापलीकडचं.

"ते चालेल की," मारुती म्हणाला.

"ते रखमाजींचं आहे."

"एकच ओळ लावू. मग तू संध्याकाळी काढून टाक."

मी हो म्हणालो. इतकी वर्षं विचार करतोय, पण कारण काही सापडत नाही. डोक्याला फेटा बांधला होता, तोंडाला पावडर होती, आणि आभाळ परत भरून यायला लागलं होतं. बायडाबाईंना मी म्हणालो, "मावशी, रोपांच्या जुड्या घेऊन बांध ओलांडा आणि एक ओळ लावा."

मी बांधावर उभा राहिलो, तोंड कॅमेऱ्याकडं, पाठ शेताकडं. टेप सुरू झाला. मी सहाच्या सहा कडवी ओठ हलवून गायलो. शेवटच्या ओळीला, हात पसरताना, माझा पाय सटकला आणि मी चिखलात पडलो. मारुती म्हणाला हे फारच छान आलं. उठून मागं बघितलं, तर एका ओळीचं कुठंच चिन्ह नव्हतं. रखमाजींचं खाचर या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवं होऊ लागलं होतं.

"मावशी, थांबा! एकच ओळ म्हणालो होतो!"

"आर्धं खाचर टाकून उटत नसत्यात," बायडाबाई मान वर न करता म्हणाल्या. "आशुभ अस्तंय."

संध्याकाळी रोपांच्या वाफ्यात एक रोप शिल्लक नव्हतं. ओढ्यापलीकडचं मोठं खाचर उघडं पडलं होतं. आणि वीस बाया आमच्या ओसरीवर पोटभर जेवून गेल्या होत्या.

कोर्टातून दोघं एकाच एसटीनं परत आले. रखमाजी आपल्या बांधावर उभे राहिले, खाचराकडं बघितलं, आभाळाला हात जोडले आणि घरी गेले. तात्या वाफ्यापाशी उभे राहिले, खाली बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. माझ्या गालावर अजून पावडर होती.

दुसऱ्या दिवशी सरपंच केरबा आबांपुढं बैठक झाली. तात्या म्हणाले रोपं माझी. रखमाजी म्हणाले, "माज्या खाचरात मीच लावली. माजी रोपं मलाच ठावं न्हाईत व्हय?" बायडाबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "आमास्नी हौशीरामनं बोलीवलं, आमी लावलं. खाचर कुनाचं ते आमी इचारीत न्हाई." केरबा आबांनी दोन्ही बाजूंना मान डोलावली. एकाचंही न ऐकण्याची ती त्यांची रीत.

तेव्हा मी पुढं झालो. "आबा, पुरावा आहे! सगळं रिळात आलंय. जुड्या आमच्याकडून निघाल्या आणि त्यांच्या खाचरात लागल्या. मागं त्यांचा पत्र्याचा गोठासुद्धा दिसेल."

तात्यांनी प्रथमच माझ्याकडं माणसासारखं बघितलं. "खरं का रं?"

"शंभर टक्के, तात्या."

ठरलं. रीळ मुंबईहून धुऊन आलं की साऱ्यांनी बघायचं. रखमाजींचं म्हणणं खोटं ठरलं, तर खाचरातलं निम्मं भात तात्यांना.

रीळ महिन्याभरानं आलं. मारुतीनं पट्टी खिडकीच्या उजेडात धरली आणि खाली बसला. सगळ्या बाया डोकं खाली पाय वर करून आभाळात लावणी करत होत्या. मीही आभाळातून लोंबत गात होतो.

"घाबरू नको," मारुती म्हणाला. "पट्टीच फिरवून लावू. शेवटचं टोक पुढं घ्यायचं." त्यानं सुरुवातीची नावाची पाटी, 'गीत व नायक हौशीराम', कात्रीनं वेगळी केली, बाकीची पट्टी फिरवली आणि डिंकासारख्या वासाच्या कसल्या तरी द्रावानं चिकटवली. एकेक चित्र उजेडात धरून तपासलं. सगळे पायांवर उभे होते. फक्त सगळे डावखुरे झाले होते. आम्ही एकमेकांना टाळी दिली. पट्टी दाखवायचं यंत्र कॉलेजातून थेट बैठकीच्या दिवशीच मिळणार होतं, त्यामुळं चालवून बघायचा प्रश्नच आला नाही.

रविवारी भर दुपारी शाळेच्या खिडक्यांना घोंगड्या लावल्या. भिंतीवर धोतर ताणलं. सगळं गाव आत आलं. पुढं केरबा आबा, एका बाजूला तात्या, दुसऱ्या बाजूला रखमाजी, मागं बायडाबाई आणि वाडी. यंत्र घरघरलं. टेपवर माझं गाणं लागलं. माझं नाव धोतरावर उमटलं आणि माझ्या अंगावर काटा आला.

मग चिखल दिसला. चिखल हलला. त्यातून मी बाहेर पडलो, हवेत उडालो आणि स्वच्छ कपड्यांत बांधावर जाऊन उभा राहिलो.

"ह्यो तितं दडून बसलावता!" रखमाजी म्हणाले.

माझ्या मागं रखमाजींचं हिरवं खाचर होतं. त्यात वाकलेल्या बाया सरळ पुढं चालत होत्या आणि हात लावतील तिथलं रोप चिखलातून निघून त्यांच्या मुठीत येत होतं. सपासप. खाचर बघता बघता उघडं पडत गेलं. मुठींच्या जुड्या झाल्या, आणि शेवटी साऱ्या जुड्या घेऊन बाया बांध ओलांडून आमच्याकडं चालत्या झाल्या. मी समोर उभा राहून, तोंड उघडून, गाणं पोटात घेत होतो.



"बगितलं का आबा?" रखमाजी उभे राहिले. "माजी रोपं उपटून भिमाजीच्या दारात! आन ह्यो पाळतीवर!"

"आबा, हे उलटं लागलंय," मी ओरडलो. "लावतायत त्या!"

"लावताना बाया कशा चालत्यात?" आबांनी शांतपणे विचारलं.

"मागं."

"हितं कशा चालत्यात?"

"पुढं. पण आबा..."

"उपटताना म्होरंच चालत्यात," आबा म्हणाले. "बायडा, तू सांग. तू हुतीस तितं."

बायडाबाई धोतराकडं बघत राहिल्या. स्वतःला त्यांनी जन्मात पहिल्यांदाच बाहेरून बघितलं होतं. "आबा, मला वाटलं आमी लावलं," त्या हळूच म्हणाल्या. "पन ही मीच की. आन मी तर उपटतीया."

तात्या नुसते पडद्याकडं बघत होते.

एवढ्यात मारुतीला यंत्राच्या मागं एक खटका सापडला. "थांबा, थांबा! याला उलटं चालवता येतं!" त्यानं खटका ओढला. आता सगळं नीट दिसलं. बाया जुड्या घेऊन आमच्याकडून निघाल्या, बांध ओलांडला, मागं सरकत सरकत अर्धं खाचर लावलं, आणि शेवटी मी ठरल्याप्रमाणं चिखलात पडलो. मला रडू यायचं बाकी होतं. "बघा आबा! हे खरं!"

केरबा आबांनी पागोटं काढलं, डोकं खाजवलं, पागोटं घातलं.

"म्हंजी असं झालं," ते म्हणाले. "आदी रखमाजीचं उपटून नेलं. मंग मनाची मनाला लाज वाटली. परत आनून जितल्या तितं लावलं. चूक झाली, पन सुदारली. पोरानं शरमेनं चिखलात उडी घेतली, ते बी आमी बगितलं. रोपं रखमाजीची. कुनी काय मनात ठिवू नका."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. मारुतीनंही वाजवल्या, मी बघितलं.

पुढचं काय सांगायचं. दिवाळीनंतर रखमाजींच्या अंगणात भाताची उडवी उभी राहिली, आमच्या ओसरीवरून बरोबर समोर दिसेल अशी. मी ट्रंक उचलली आणि भट्टीवर आलो. संमेलनात आमचं गाणं लागलंच नाही. टेप पावसानं खराब झाला होता, आणि खरं सांगायचं तर त्याबद्दल मारुती सोडून कुणालाही वाईट वाटलं नाही. मला तर मुळीच नाही.

संक्रांतीला तात्या मामाच्या दुकानात आले. इकडचं तिकडचं बोलले, चिक्कीचा तुकडा चघळला. मग हळूच म्हणाले, "ते फिलिम हाय का रं अजून?"

"आहे, तात्या."

"मारुतीला यंत्र घेऊन बोलीव. एकडाव बगू."

रविवारी रात्री आमच्याच ओसरीवर पडदा बांधला, बघणारे आम्ही तिघंच. मारुतीनं खबरदारी म्हणून आधीच खटका ओढून ठेवला होता. बाया रखमाजींच्या खाचरात लावायला लागल्या, तसा तात्यांनी हात वर केला.

"हे नगं. पयलं लाव. उपटायचं."

मारुतीनं खटका सोडला आणि रीळ पहिल्यापासून लावलं. रोपं चिखलातून निघू लागली, जुड्या झाल्या, बांध ओलांडून आमच्याकडं आल्या. तात्या पुढं झुकून बघत होते. शेवटची जुडी आली, तसा त्यांनी मोठा सुस्कारा टाकला. सात वर्षांच्या कोर्टात त्यांच्या तोंडावर इतकं समाधान मी बघितलं नव्हतं.

"आलं बग," ते म्हणाले. "सगळं भात दारात आलं."

माझ्या मनात एकदम आशा उभी राहिली. मी शक्य तितक्या नम्रपणे म्हणालो, "तात्या, तुम्हीच म्हणाला होता. भात दारात आलं तर कॉलेज."

"व्हय, म्हनलो हुतो," तात्या म्हणाले. ते अजून पडद्याकडंच बघत होते. पडद्यावर मी स्वच्छ फेटा बांधून उभा होतो. त्यांनी माझ्याकडं नाही, त्याच्याकडं बोट दाखवलं. "त्याला धाड की कालिजात."

गूळ तापला. उठतो.