नथूबाबांचा मोटारीचा बल्ब

"बल्ब पेटवायला काय लागतं? माझ्यावर सोडा," असं इंद्रजीत सगळ्या आळीदेखत बोलून बसला.

पण बल्ब साधा नव्हता. शेणवे गावात वीज यायच्या कितीतरी आधी, धर्मांतरानंतरच्या पहिल्या बुद्धपौर्णिमेला, त्याच्या वडिलांनी, नथूबाबांनी, तो जुन्या मोटारीच्या बॅटरीवर बुद्धाच्या तसबिरीपुढे पेटवला होता. नथूबाबा गेले, बल्ब कापसात राहिला. आता नव्व्याण्णव सालच्या पौर्णिमेला गीताबाईंना, म्हणजे इंद्रजीतच्या आईला, तो एकदा पेटलेला बघायचा होता. आतली तार गेली की संपलं, दुसरा मिळणार नव्हता.

पितळी टोपीवरचे आकडे घासून गेलेले, त्यामुळे किती व्होल्टचा तेच कळेना. इंद्रजीतने मात्र झकास युक्ती काढली. चिरलेल्या बांबूत टॉर्चचे सेल एकापुढे एक ठेवायचे, एकेक वाढवायचा आणि नीट उजेड पडला की थांबायचं. आळीत सेल मागितले, तर कुणीही नाही म्हटलं नाही. माणसं कशी जीव लावणारी, असं त्याला भरून आलं.

चार सेल लावले, काही नाही. आठ लावले, तरी नाही. बांबू ओटीवरून अंगणात आला तेव्हा कुठे तार जेमतेम लाल झाली.

"सहाचा असता तर कवाच पेटला असता. बारा व्होल्टचा हाय," इंद्रजीतने निकाल दिला. "मंगळू, ट्रॅक्टरची बॅटरी आन."

शेजारचा मंगळू बॅटरी घेऊन आलासुद्धा. इंद्रजीतने वायर उचलली, तेवढ्यात बायकोने, वंदनाने, त्याचा हात धरला.

"अहो, थांबा. हे सेल तुमाला कोनी दिले?"

"सगळ्यांनी."

"लोकाला कोन नवे सेल देतं का? उन्हात तापवून तापवून मेलेले हायेत हे. मी पन आपल्या घरातले तसलेच काढून दिले."

मंगळूने बॅटरी मागे सरकवली. वंदनाने आपल्या रेडिओतले ताजे सेल काढले. दोन लावले, तार लाल झाली. तीन लावले, पिवळी झाली. चौथ्याला बल्ब असा स्वच्छ पेटला की सगळी आळी पुढे सरकली.

"अजून एक लावू?" इंद्रजीत म्हणाला.

"दीड-दीडचे चार, म्हंजे सहा व्होल्टचा हाय. पुरे," म्हणत तिने उरलेले सेल पदरात घेतले. काय बाई होती! बॅटरी लागली असती, तर बल्ब एकदाच फटकन पेटून कायमचा गेला असता.

घाम पुसून इंद्रजीत उभा राहिला आणि युक्ती कशी सुचली, ते सगळ्यांना समजावू लागला. गीताबाई कितीतरी वेळ बल्बाकडे बघत होत्या. त्यांचे डोळे भरले होते.

"आई, असाच होता ना?" त्याने विचारलं.

"असाच रे. पन तुझा बा पेटवून गप बसला होता."